कोळशाचा कण

गाडीच्या खिडकीतून बाहेर डोकावणाऱ्या मुलाच्या डोळ्यात कोळशाचा कण जाणे, ही गोष्ट आता नागपुरातल्या कुठल्याही मुलाच्या वाट्याला येत नाही. वातानुकूलित डब्याच्या काचा मुळी उघडतच नाहीत, आणि साध्या डब्याच्या उघडल्या तरी पुढे विजेचे इंजिन असते. त्याच्याजवळ कुणाच्या डोळ्यात टाकण्यासारखे काही नसते. आम्ही मात्र आमच्या लहानपणीचा निम्मा प्रवास एकाच डोळ्याने पाहिलेला आहे, कारण दुसरा डोळा बहुतेक वेळ आईच्या पदराखाली असे.

आमचे आजोळ सौंसरचे. सुटी लागली की इतवारी स्टेशनावरून छिंदवाड्याची छोटी गाडी धरायची आणि अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून कोराडी, पाटणसावंगी, सावनेर, केळवद अशी स्टेशने मोजत जायचे, हा आमचा दरवर्षीचा क्रम होता. सावनेर आले की वडील न चुकता सांगत की नागपूरच्या मोठ्या स्टेशनाची १९२५ साली उघडलेली इमारत याच गावच्या वालुकाश्माची आहे. एवढी मोठी इमारत एवढ्याशा गाडीच्या गावाने दिली, याचा मला उगाचच अभिमान वाटे, आणि तो मिरवण्यासाठी मी पुन्हा खिडकीबाहेर डोके काढून डोळ्यात कण घालून घेत असे.

हा कण येतो कुठून, हे मला फार उशिरा कळले. सिलिंडरमध्ये आपले काम संपवलेली वाफ इंजिन तशीच हवेत सोडून देत नाही, तर ती धुराड्यातून जोराने वर फेकते. त्या झोताबरोबर भट्टीतली हवा ओढली जाते, आणि त्या ओढीने आग फुलते. आपण ज्याला झुकझुक म्हणतो तो आवाज म्हणजे हा झोतच होय, आणि दोन सिलिंडरच्या इंजिनाच्या चाकाच्या एका फेऱ्यात तो चार वेळा येतो. इंजिनाला जितके जड जाईल तितका झोत जोराचा, झोत जोराचा तितकी आग तेज, आणि आग तेज तितके अर्धवट जळालेले कोळशाचे कण वर उडून मागच्या डब्यांवर पडायचे. म्हणूनच गाडी स्टेशनातून सुटताना डोळे सांभाळावे लागत. एका लग्नासाठी आम्ही छिंदवाड्यापर्यंत गेलो होतो, तेव्हा रामाकोन्याच्या पुढे सातपुड्याचा चढ लागल्यावर डब्यातल्या सगळ्या बायकांनी एकदम पदर डोक्यावरून ओढून घेतले होते. इंजिन किती कष्टात आहे याचा इतका नेमका हिशेब मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

कण गेला की मी डोळा चोळू लागे, आणि आई हात धरून म्हणे, "चोळू नको, दुसरा डोळा चोळ." या उपायाचे शास्त्र मला आजही उमगलेले नाही, पण त्यात माझा हात गुंतून राही, हे खरे. मग ती पदराच्या टोकाचा बोळा करी, तो तोंडाशी धरून त्यावर तोंडाची वाफ सोडी आणि तो कोमट बोळा डोळ्यावर दाबून धरी. इंजिनाच्या वाफेने केलेले दुखणे आई आपल्या वाफेने शेकते आहे, हे त्या वयात सुचण्याचे कारण नव्हते. मला फक्त पदराला येणारा कोळशाचा, घामाचा आणि डब्यातल्या दशम्यांचा वास आठवतो.

कोळशाच्या इंजिनाविषयी हळवे होणारी माणसे बहुधा माझ्यासारखी डब्यात बसलेली असतात. फलाटाच्या टोकाला इंजिन पाणी पिताना मी त्याच्या जवळ जाऊन उभा राहत असे. नळाची ती मोठी सोंड टाकीत सोडली जाई, ड्रायव्हर तेलाचा डबा घेऊन खाली उतरे, आणि फायरमन भट्टीचे दार उघडून फावड्याने कोळसा आत पसरत असे. कोळसा नुसता ढकलून चालत नाही, तो पातळ आणि सारखा पसरावा लागतो. काळा धूर निघाला की कोळसा वाया चालला, असे जाणकार म्हणत. दार उघडताच त्याच्या तोंडावर जो लाल उजेड पडे, तो नागपूरच्या मे महिन्यात! त्या माणसाला या गाडीची आठवण कशी येत असेल, हे मला लिहिता येणार नाही.

वाफेची इंजिने बांधणे आपल्याकडे १९७२ मध्ये थांबले, आणि मोठ्या लाईनवरची त्यांची नियमित गाडी डिसेंबर १९९५ मध्ये शेवटची धावली. आमच्या विदर्भात यवतमाळच्या शकुंतला गाडीला जुने विलायती इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते. छिंदवाड्याच्या लाईनवर वाफ आधीच गेली होती, नंतर डिझेल आले, आणि २०१५ च्या अखेरीस छोटी लाईनच बंद करून तिथे मोठी लाईन घालण्यात आली. सौंसरला आता लवकर पोहोचता येते, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कडबी चौकाजवळ मोतीबागेत छोट्या लाईनचे संग्रहालय २००२ पासून आहे. मध्यंतरी एका रविवारी मी तिथे गेलो. इंजिने रंगवून, पुसून, सावलीला उभी होती. मी धुराड्याखालच्या गोल पोटावर हात ठेवला; ते थंड होते, आणि हात उचलून पाहिला तर तळव्याला काहीही लागलेले नव्हते.

घरी येऊन आईला हे सगळे सांगितले, अर्थातच थोडे रंगवून. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे रे. सौंसरहून आलं की तुम्ही चौघं आंघोळ करून झोपायचे. पांढरे सदरे दोनदा उकळले, नीळ घातली, तरी कॉलर काळीच राहायची. ती इंजिनं गेली ते एक चांगलं झालं."

मग जरा थांबून तिने विचारले, "शिटी वाजवून दाखवतात का तिथे?"