येरुशलेमच्या वाटेवर ठाण्याचे चौघे

शेजारच्या मावशी दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी जातात. २०१९ च्या मार्चमध्ये मी येरुशलेमला निघाले, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. "वारीच आहे ही. गाडीतून बघून येऊ नकोस, चाल." आई पलंगावर बसून ऐकत होती. खरं तर तिनंच जायचं होतं, पण गुडघ्यांनी दगा दिला. "माझ्या वाटचंही चाल," एवढंच ती बोलली.

सहलीच्या कार्यक्रमात क्रूसाच्या वाटेला, म्हणजे प्रभू येशू क्रूस खांद्यावर घेऊन गेला त्या चौदा स्थानांच्या वाटेला, पाऊण तास दिला होता. फोटो काढा, बसमध्ये बसा. मला ते सोसेना. दर शुक्रवारी फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाचे संन्यासी, भाविकांना बरोबर घेऊन ती वाट प्रार्थना करत चालतात, हे मला माहीत होतं. गाइडला सांगून मी आणि वसईच्या एक काकू मागे थांबलो.

दुपारी तीनला उमरिया शाळेच्या अंगणात माणसं जमली. रोमन सुभेदार पिलातानं प्रभूला शिक्षा सुनावली ती जागा हीच, अशी परंपरा आहे. पुढे ब्रदर उभे होते: तपकिरी झगा, कमरेला पांढरा दोर, दोराला तीन गाठी. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या व्रतांच्या त्या गाठी. तो दोर पाहिला आणि मला ठाण्याचे चौघे आठवले.

आम्हां ठाण्याच्या कॅथलिकांनाही त्यांची फारशी आठवण राहिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस, याच फ्रान्सिस्कन संघाचे. चीनला निघाले होते, समुद्रमार्गे ठाण्याला आले. तेव्हा इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, त्यांच्याकडे उतरले. एप्रिल १३२१ मध्ये त्यांना काझीपुढे उभं केलं गेलं आणि आपल्या श्रद्धेपायी ते ठाण्यातच मारले गेले. जॉर्डन नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूनं त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओडोरिक हा फ्रान्सिस्कन त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. जिथे त्यांना पोचायचं होतं, तिथे ते असे पोचले. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. आणि मी त्यांच्या गावाहून येऊन त्यांच्याच भावांच्या मागे चालत होते.

अंतर म्हणाल तर जेमतेम सहाशे मीटर, ठाणे स्टेशनवरून तलावपाळीला चालत जावं साधारण तेवढंच. पण वाट भर बाजारातून जाते. मसाल्यांचे ढीग, तिळाचे पाव, कपड्यांची दुकानं, हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या. सणाच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावरून दिंडी न्यावी तशी आमची गत. सुरुवातीला मला त्या गोंगाटाचा राग आला. मग वाटलं, प्रभू क्रूस घेऊन गेला तेव्हा तरी कुठे शांतता होती? त्याही दिवशी दुकानं उघडीच असतील. ब्रदर लॅटिन, इटालियन, इंग्रजीतून प्रार्थना म्हणत होते. काकू आणि मी हळू आवाजात मराठीतून.

पाचव्या स्थानावर वाट डावीकडून उजवीकडे वळते आणि चढ लागतो. कुरेनेकर शिमोनानं क्रूसाला खांदा दिला ती ही जागा. फ्रान्सिस्कनांचं छोटं चॅपेल आहे. त्याच्या दाराशेजारी भिंतीत एक चौकोनी दगड, मध्ये तळव्याएवढा खळगा. धडपडताना प्रभूनं इथे हात टेकला, असं म्हणतात. शतकानुशतकांच्या हातांनी तो दगड काळपट, गुळगुळीत झालाय, तेलकट म्हणावा इतका. मी उजवा हात ठेवला. गार होता, आणि तळवा त्यात नेमका बसला. मागून कुणीतरी ढकललं तरी हात काढवेना. आईचे गुडघे, ठाण्याचे चौघे, सगळं त्या एका क्षणात सांगून टाकलं.

शेवटची पाच स्थानं पवित्र कबरीच्या चर्चमध्ये आहेत. त्या चर्चची किल्ली पिढ्यान् पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे असते आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. कालवारीच्या, म्हणजे प्रभूला क्रूसावर दिलं त्या जागेच्या, उंच पायऱ्या चढले, वेदीखालच्या खडकाला हात लावला. दाराजवळच्या शिळेवर लोक सुगंधी तेल ओतून रुमाल फिरवत होते. प्रभूचा देह कबरेत ठेवण्याआधी इथे तेल-सुगंधी द्रव्यं लावली, अशी श्रद्धा. आत्ताची शिळा १८१० ची आहे, हे मला ठाऊक होतं. तरी गुडघे टेकले आणि आईचा पांढरा रुमाल त्यावर फिरवला.

घरी आल्यावर आईनं रुमाल हुंगला, घडी करून माळेच्या डबीत ठेवला आणि विचारलं, "पायऱ्या किती होत्या?" मोजल्या नव्हत्या. मावशी आल्या, त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकले तरी ऐकेनात. वारीहून आलेल्याच्या पाया पडायचं असतं, म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी आईला आमच्या चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेला नेलं. एरवी ती बाकावर बसूनच म्हणते. त्या दिवशी माझा हात धरून भिंतीवरच्या चौदा स्थानांच्या चित्रांपाशी एकेक पाऊल टाकत आली. पाचव्या चित्रापाशी तिनं माझा उजवा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि सहाव्यापर्यंत सोडला नाही.