घराआधी लाइन

मुंबईला बदली झाल्याचे पत्र मिरजेत हाती पडले, तेव्हा आम्ही दोघांनी सर्वांत आधी केलेली चूक म्हणजे नकाशा उघडून किलोमीटर मोजणे. माझे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आणि पत्नीला नोकरी मिळालेली शाळा वाशीत, म्हणून दोन्हींपासून सारख्या अंतरावर येणारे भाग आम्ही एका कागदावर लिहून काढले आणि त्या कागदाच्या भरवशावर निघालो. पहिले पंधरा दिवस डोंबिवलीला आत्याकडे मुक्काम होता. तिचे यजमान, ज्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात, यांची नोकरीची सगळी वर्षे लोकलने ये-जा करण्यात गेलेली. त्यांनी कागद वाचला आणि एवढेच विचारले, "यातल्या कुठल्या घरातून गाडी न बदलता कामावर पोचता येतं?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

मुंबईत घर शोधणे म्हणजे आधी लाइन शोधणे, हे मला पुढच्या आठवड्यात कळले. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन मार्गांपैकी आपण कोणत्या मार्गावर राहतो, त्यावर आपले कामाचे ठिकाण जवळ की लांब हे ठरते. नकाशावर शेजारी दिसणारे दोन भाग वेगवेगळ्या मार्गांवर असले, तर त्यांच्यामध्ये एक पूल, एक जिना आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहणे येते. वांद्रे-कुर्ला संकुलाची तऱ्हा तर आणखी वेगळी. त्याच्या नावात दोन स्थानके आहेत, पण दोन्हींपैकी एकही त्याच्या दाराशी नाही. कुर्ल्याला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिलो, की गाडीत वाचवलेली दहा मिनिटे तिथेच खर्ची पडत. मेट्रो ३ चे स्थानक आता संकुलात आहे आणि घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाक्याला जाऊन तिथून ती पकडता येते; एक दिवस मी तसाही गेलो. गारवा उत्तम होता, परंतु डोंबिवलीची लोकल धरून तीन गाड्या झाल्या.

डोंबिवलीत भाडे आमच्या आवाक्यात होते, माणसे आपली होती, आत्याच्या हातचे जेवण होते. तरीही जलद गाडीत शिरल्यावर कुर्ल्याला उतरायचे असेल तर ठाणे गेले की दाराकडे सरकायला लागावे, नाहीतर गर्दी आपल्याला दादरला नेऊन सोडते, हे दोनदा अनुभवले. शिवाय पत्नीला ठाण्याला उतरून वाशीची गाडी धरावी लागे.

त्यामुळे ठाण्याचा विचार गंभीरपणे केला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने वाशी थेट, आणि ठाण्याहूनच सुटणाऱ्या धीम्या लोकल असल्याने मला बसायला जागा मिळण्याची आशा. कागदावर याहून चांगले काही नव्हते. मात्र स्थानकाजवळची घरे आमच्या भाड्यात बसेनात आणि बसणारी घरे घोडबंदर रस्त्यावर निघाली, जिथून ठाणे स्थानक गाठायलाच सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. जाहिरातीत लिहिलेले "ठाणे" आणि रेल्वेचे "ठाणे" यांत एवढे अंतर असू शकते, हे बाहेरगावच्या माणसाला कसे कळावे?

मग वाशीतच राहावे असे मी सुचवले. ते पत्नीने मोडून काढले. तिची शाळा पायी दहा मिनिटांवर येणार आणि मी रोज खाडी ओलांडणार, हे तिला पटले नाही. आणि तिचा दुसरा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून हार्बर बंद पडली, तर तू घरी कसा येणार, असे तिने विचारले.

या प्रश्नाने चेंबूर ठरवले. चेंबूरहून टिळकनगर आणि मग कुर्ला, इतकाच माझा प्रवास. उलट दिशेने गोवंडी, मानखुर्द आणि खाडी ओलांडली की वाशी, हा तिचा. तिची गाडी सकाळच्या मुख्य गर्दीच्या विरुद्ध जात असल्यामुळे तिला बहुधा बसायला मिळते, आणि याचा मला अजूनही थोडा हेवा वाटतो. गाड्या थांबल्याच, तर मला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने बस किंवा रिक्षा उरते. याच्या बदल्यात एक खोली कमी झाली, इमारत जुनी मिळाली, आणि वारा फिरला की देवनारच्या कचराभूमीचा वास घरात येतो. हा वास घर दाखवणाऱ्या कोणीही सांगितला नव्हता. म्हणून घर पाहायचे तर सकाळी एकदा आणि रात्री एकदा पाहावे.

कराराविषयी थोडे. आमच्या एजंटाने ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असे ठामपणे सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मी ते कलम छापून नेले. मालक सज्जन होते. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा करू म्हणाले.

सही करण्याआधी मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याकडे गेलो. त्याच गल्लीत दोन घरे आम्हाला पसंत होती, एक तळमजल्यावर छोट्या अंगणासह, दुसरे दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टशिवाय. पत्नीचा जीव अंगणात अडकला होता, कारण मिरजेहून आणलेली तुळस तिला तिथे दिसत होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. इस्त्रीवाला तेव्हाही याच जागेवर होता. त्या दिवशी पाणी कुठवर आले होते, असे विचारल्यावर तो काही बोलला नाही. इस्त्री बाजूला ठेवून त्याने मागच्या भिंतीवर, आपल्या कमरेच्या वर, आडवा हात धरून दाखवला.

तुळस आता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आहे.