तुम्ही विचारलंत म्हणून : रूळ उखडलेल्या वाटेवरून पाच दिवस

"ना गाइड, ना मागून सामान घेऊन येणारी गाडी, आणि दोघी बायका पाच दिवस सायकलवर, तुम्ही हे सगळे ठरवलेत तरी कसे?" हा प्रश्न गणपतीच्या आरतीनंतर पंगतीत बसलेल्यांनी, नाशिकहून फोन करणाऱ्या नातेवाइकांनी आणि ऑफिसातल्या मराठी मुलींनी मला इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले. प्रवास म्हणजे मेरिलँडमधल्या कंबरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंतचा, १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरचा 'ग्रेट ॲलिगेनी पॅसेज'. इथे सगळे त्याला नुसते 'गॅप' म्हणतात. सोबत माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे ताई, होत्या. त्यांचे वय तेव्हा ६१ होते आणि कॉलेज संपल्यानंतर त्यांनी सायकलला हात लावलेला नव्हता.

उत्तर थोडक्यात सांगायचे तर मुक्काम आधी ठरवावेत. रोज किती अंतर कापायचे ते त्यावरून आपोआप ठरते. बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात आणि पहिल्या खेपेस मीही तेच केले होते.

पण त्याआधी 'आम्हाला झेपेल का' या शंकेचे निरसन करायला हवे, कारण खरा प्रश्न बहुधा तोच असतो. ही वाट मुळात लोहमार्ग होती. कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल हा भाग वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने १९१२ मध्ये सुरू केला आणि १९७५ मध्ये तो बंद पडला. रूळ उखडले गेले, पण डोंगर फोडून काढलेले खंदक, भराव, बोगदे आणि पूल जागेवरच राहिले. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, आणि त्यामुळेच ती वाट आज तुमच्या-माझ्या गुडघ्यांना सोसते. आपल्या भोर घाटात ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. इथे कंबरलँडपासून माथ्यापर्यंतच्या साधारण ३८ किलोमीटरांत सुमारे ५४० मीटर चढायचे आहे, म्हणजे सरासरी ७० मीटरला १ मीटर. तिथून पुढे पिट्सबर्गपर्यंतच्या दोनशे किलोमीटरांवर जो उतार आहे, तो इतका सौम्य आहे की बरेचदा जाणवतही नाही. वाटेवर मोटारी नाहीत, परवाना लागत नाही, शुल्क नाही. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गमधला शेवटचा २०१३ मध्ये. गावोगावच्या स्वयंसेवकांनी सत्तावीस वर्षे तुकड्याला तुकडा जोडत ही वाट पुरी केली आणि तिची निगा आजही तेच राखतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दिशेचा निर्णय मी कंबरलँडच्या बाजूने दिला. पिट्सबर्गहून निघाल्यास सगळे दिवस मंद चढ आणि शेवटी चोवीस मैलांचा सुंदर उतार मिळतो, आणि पुष्कळ जणांना तेच आवडते. परंतु जो नवखा आहे त्याने अवघड काम पहिल्याच दिवशी, ताज्या पायांनी संपवावे असे माझे मत आहे. शिवाय आमचे घर पिट्सबर्गला, त्यामुळे आम्ही घराच्या दिशेने येत होतो. ज्यांना पहिल्या चढाची फारच धास्ती वाटते त्यांच्यासाठी कंबरलँडहून फ्रॉस्टबर्गपर्यंत सायकली घेऊन जाणारी एक पर्यटकांची आगगाडी हंगामात धावते, आणि तिने जाण्यात काहीच कमीपणा नाही.

आता मुक्काम. पहिल्या खेपेस, माझ्या नवऱ्याबरोबर गेले होते तेव्हा, मी नकाशावर २४० किलोमीटरांचे पाच सारखे भाग पाडले, प्रत्येक भागाच्या टोकाशी येणारे गाव वहीत लिहिले आणि त्यानंतर खोल्या शोधायला लागले. ऑक्टोबरमधला शनिवार होता, पानांचे रंग पाहायला निम्मे राज्य रस्त्यावर आले होते आणि रॉकवूडमध्ये एकही खोली शिल्लक नव्हती. 'प्रत्यक्ष गेल्यावर मिळेल' या भरवशावर आम्ही निघालो. दुपारी चार वाजता रॉकवूडमध्ये एकामागून एक चार दारे ठोठावली, चारही ठिकाणी नम्र नकार मिळाला, आणि पुढचे मुक्कामाचे गाव, कॉन्फ्लुएन्स, अठरा मैलांवर होते. तिथल्या एका घरगुती निवासात फोनवर जागा मिळाली खरी, पण पिंकर्टन बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा कॅसलमन नदीच्या खोऱ्यात अंधारून आले होते आणि फोनची रेंज गेली होती. नवऱ्याच्या सायकलच्या दिव्याची बॅटरी संपत आलेली असल्याने शेवटचा तासभर आम्ही एकाच दिव्याच्या उजेडात, मागेपुढे, एक शब्दही न बोलता चालवत होतो. काही वाईट घडले नाही. परंतु त्या रात्रीपासून माझी पद्धत बदलली.

ताईंबरोबरच्या खेपेस मी आधी चार गावांना फोन केले, चारही रात्रींच्या खोल्या पक्क्या केल्या आणि मगच ऑफिसात रजेचा अर्ज दिला. पहिली रात्र मायर्सडेल, कंबरलँडपासून ३२ मैल. दुसरी कॉन्फ्लुएन्स, तिथून आणखी ३० मैल. तिसरी कॉनेल्सव्हिल, जेमतेम २७ मैल. कारण मधल्या ओहायोपाइलला धबधबा आहे, यॉकिओगेनी नदीवरचे दोन पूल आहेत आणि तिथे अर्धा दिवस थांबता आले नाही तर मग तिकडे गेलोच कशाला असे वाटते. चौथी वेस्ट न्यूटन, २५ मैल. शेवटच्या दिवशी पिट्सबर्गपर्यंत ३६ मैल. हे आकडे सारखे नाहीत आणि ते सारखे नसावेतच. कोणत्या दिवशी चढ आहे, कुठे रेंगाळावेसे वाटेल आणि संध्याकाळी कोणत्या गावात जेवण मिळेल, या तीन गोष्टींवरून ते ठरले. तंबू नेणार असाल तर वाटेवर नदीकाठी विनामूल्य मुक्कामाच्या जागा आहेत. मात्र पलीकडच्या काठावरच्या चालू लोहमार्गावर रात्रभर मालगाड्या जातात आणि त्यांचे भोंगे झोप मोडतात.

कंबरलँडला पोहोचायला ॲमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वेची, गाडी आहे. ती पिट्सबर्गहून भल्या पहाटे सुटते आणि सकाळी उतरवते. सायकल डब्यात चढवता येते, परंतु तिच्यासाठी वेगळे आरक्षण लागते आणि जागा मोजक्याच असतात. म्हणून गाडीत सायकलला जागा आहे का ते आधी पाहावे, त्यानंतर खोल्यांसाठी फोन करावेत आणि दोन्ही एकाच बैठकीत पक्के करून टाकावे.

जेवणाबद्दल लिहिताना मला अधिक जागा लागणार आहे, कारण शाकाहारी माणसाचे इथे खरे हाल होतात ते पोटामुळे, पायांमुळे नव्हे. या गावांची वस्ती थोडी आहे, खानावळ एखाददुसरी, आणि ती सोमवारी किंवा मंगळवारी बंद असण्याची शक्यता मोठी. मुक्कामासाठी फोन करतानाच 'त्या दिवशी संध्याकाळी गावात काय उघडे असते' हे विचारून घ्यावे. हा एक प्रश्न मी आता कधीही विसरत नाही. पिझ्झा आणि चीज घातलेले भाजके सँडविच बहुतेक ठिकाणी मिळते, परंतु सलग पाच दिवस तेवढ्यावर निघत नाहीत. ताईंनी निघण्याच्या आदल्या दिवशी रवा खमंग भाजून, त्यावर मोहरी, कढीपत्ता, उडदाची डाळ आणि सुक्या मिरचीची फोडणी घालून, मीठ-साखर मिसळून त्याच्या चार पुड्या केल्या होत्या. खोलीवरच्या किटलीत पाणी उकळायचे, डब्यात पुडी रिकामी करायची, वरून पाणी ओतून झाकण लावायचे, आणि दहा मिनिटांत उपमा तयार. मायर्सडेलला आम्ही पोहोचलो तो वार नेमका खानावळ बंद असण्याचा होता, आणि खिडकीपाशी बसून खाल्लेला तो उपमा मला त्या प्रवासातल्या कोणत्याही देखाव्याइतकाच लख्ख आठवतो. दशम्या दोन दिवस उत्तम टिकल्या. शेंगदाण्याचे लाडू शेवटपर्यंत पुरले.

सायकल साधी चालेल. फक्त टायर अगदी अरुंद नसावेत. वाटेचा बराचसा भाग चुनखडीच्या बारीक चुऱ्याचा आहे, तो कोरडा असताना छान दबलेला असतो, आणि पाऊस पडला की हाच चुरा राखाडी लापशीसारखा होऊन चेनमध्ये, ब्रेकमध्ये आणि मडगार्डखाली जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सर आली आणि ताईंच्या सायकलची चेन कराकरा वाजू लागली, तेव्हा बाटलीतल्या पाण्याने ती धुऊन, जुन्या सुती ओढणीच्या तुकड्याने पुसून, तेलाचे थेंब एकेका कडीवर सोडले आणि आवाज थांबला. तेल आणि फडके विसरू नका. त्याखेरीज दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, पान्यांचा छोटा संच आणि दिवे. कपडे दोन जोड पुरतात. कॅरियरच्या पिशव्यांत आतून कचऱ्याची मोठी प्लॅस्टिक पिशवी घातली की पावसाची चिंता मिटते.

सरावात एकच गोष्ट महत्त्वाची आहे. एका दिवसात पन्नास किलोमीटर चालवणे फार कठीण नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर पुन्हा बसणे कठीण असते. म्हणून शनिवार आणि रविवार असे सलग दोन दिवस, सामान लादून, सहा आठवडे चालवावे. ताईंनी नाशिकला गंगापूर रस्त्यावर पहाटे सराव केला आणि इथे आल्यावर माझ्याबरोबर तीन आठवडे. कडेच्या गवतात बसल्यास संध्याकाळी पाय आणि कंबर गोचिडांसाठी नीट तपासावी, कारण पेनसिल्व्हेनियात त्यांच्या चाव्यातून होणारा लाइम रोग बराच आढळतो.

ऋतूबद्दल विचाराल तर मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध घ्यावा. हिवाळ्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, बिग सॅव्हेज बोगद्याची दारे बंद असतात आणि तो टाळून जायचे तर डोंगरातल्या चढउताराच्या रस्त्याने जावे लागते. हा बोगदा जवळपास एक किलोमीटर लांब आहे. आम्ही सकाळभर चढून, घामाने निथळत त्याच्या तोंडाशी आलो. आत पाऊल टाकताच गार हवा अंगावर आली, चष्म्यावर क्षणात धुके जमले, आणि छतावरून टपकणारे थेंब हेल्मेटवर टक टक वाजू लागले. दिव्यांची रांग दूरवर बारीक होत गेली होती. ताई सायकलवरून उतरल्या, भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, कसाऱ्याच्या बोगद्यात आम्ही लहानपणी खिडकीशी बसून ओरडायचो. बोगदा आतून असा पायी कधी पाहिलाच नव्हता." उरलेला बोगदा आम्ही चालतच पार केला.

त्यानंतर दोनेक मैलांवर माथा येतो, ७२९ मीटर उंचीवर. तिथे पाणी दुभंगते : एका बाजूचे पोटोमॅक नदीतून अटलांटिकला, दुसऱ्या बाजूचे ओहायो आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला. महाबळेश्वराहून सावित्री पश्चिमेला आणि कृष्णा पूर्वेला जाते, तेच इथे. तिथून पुढचे चारही दिवस आम्ही पाण्याच्या सोबतीने उतरलो, आधी कॅसलमन, मग यॉकिओगेनी, शेवटी मोनोंगाहेला. पाचव्या दिवशी दुपारी पिट्सबर्गच्या पॉइंटला, जिथे मोनोंगाहेला आणि ॲलिगेनी मिळून ओहायो होते, तिथल्या दगडी काठावर बसून शेवटचे दोन लाडू खाल्ले.

ताई पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहेत. या वेळी त्यांना कंबरलँडहून दुसऱ्या दिशेला, वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या जुन्या कालव्याच्या काठाने जायचे आहे. ती वाट १८४.५ मैलांची आहे. परवा त्यांनी फोनवर तारखा सांगितल्या नाहीत आणि अंतरही विचारले नाही. "पहिल्या रात्री कुठे झोपायचे, तेवढे सांग," म्हणाल्या.