एआय येईलच, पण आधी कोअर बॉक्स तर उघडा राजेहो

जिऑलॉजीवाली पोरं भेटली की आजकाल एकच प्रश्न, एक्सप्लोरेशनमध्ये, म्हणजे जमिनीतली खनिजं शोधण्यात, पुढं काय, एआयच ना? येईल ना बावा, आलंच आहे, पण मला विचाराल तर पुढच्या वीस वर्षांचं काम बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाच्या, खाली पडलंय.

आपल्या नागपूरचंच बघा. सीताबर्डीची टेकडी ट्रॅपची, म्हणजे याच बेसॉल्टची, पूर्वेला निघालं की नाईस (gneiss) हा जुना पट्टेदार खडक, आणि मनसर-कांद्रीकडं सौसर नावाच्या गटाचे जुने खडक, त्यात मॅंगनीज. हे मॅंगनीज इंग्रजांना सापडलं कारण ते काळंकुट्ट उघड्यावरच होतं, फर्मोर या इंग्रज भूवैज्ञानिकाचा त्यावरचा जाडजूड मेमॉयर (अहवालग्रंथ) १९०९ चा आहे! डोळ्याला दिसणारं बहुतेक शोधून झालं. आता काटोलकडं जा, सगळं ट्रॅपखाली. जुने खडक काय बेसॉल्टची कड आली म्हणून थांबणार थोडीच, खाली जातच असणार, पण बघायचं कसं? मॅग्नेटिक सर्व्हे केला तर बेसॉल्ट स्वतःच मॅग्नेटिक, त्यात लाव्हाचे काही थर (फ्लो) उलट्या चुंबकीय दिशेचे, म्हणजे खालचा सिग्नल वरच्या गोंगाटातच बुडतो. मग ग्रॅव्हिटी (गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक), मॅग्नेटोटेल्युरिक (जमीन किती वीज वाहू देते त्याचं मोजमाप) सगळं एकत्र बसवून वाचायला लागतं, आणि इथंच खरा रिसर्च आहे. ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक डॅम हे तांबं-युरेनियमचं प्रचंड साठ्याचं ठिकाण १९७५ मध्ये असंच मिळालं, तीनशे मीटरच्या वर आवरण, वरून काहीच दिसत नाही, फक्त ग्रॅव्हिटी आणि मॅग्नेटिकच्या अॅनॉमली, म्हणजे आसपासपेक्षा वेगळे आकडे.

एआयचं म्हणाल तर त्याला शिकवायला उदाहरणं लागतात, आणि खाणी मोजक्याच. जिथं ड्रिल करून काहीच लागलं नाही ते होल्स तितकेच कामाचे, पण रिकाम्या होलचा रिपोर्ट कोण आवडीनं वाचतो? २०२३ मध्ये एनजीडीआर हे भूवैज्ञानिक माहितीचं सरकारी पोर्टल आलं, बराच डेटा उघडा झाला, चांगलंच झालं.

आणि जुना कोअर, म्हणजे ड्रिलनं काढून बॉक्समध्ये ठेवलेले खडकाचे दांडे! त्या काळी मॅंगनीजसाठी ड्रिल केलं तर मॅंगनीजचंच अॅनालिसिस, बाकी बॉक्समध्ये बंद. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबन्याला टंगस्टन आहे हे जुनंच माहीत, आणि टंगस्टन सरकारच्या २०२३ च्या ३० क्रिटिकल मिनरल्सच्या (देशाला अत्यावश्यक खनिजांच्या) यादीत आहे (मॅंगनीज नाही बरं का, नागपूरकरांनी वाईट वाटून घ्यायचं नाही). अंधाऱ्या खोलीत कोअरवर शॉर्टवेव्ह यूव्ही लॅम्प धरला की शीलाइट हे टंगस्टनचं खनिज निळसर पांढरं चमकतं, नुसत्या डोळ्यानं बघाल तर साधं क्वार्ट्झ समजून पुढं जाल. नवीन होल मारायला मीटरला हजारो रुपये जातात, हे बॉक्स तर पडलेलेच आहेत.

एमएस्सीला प्रोजेक्ट शोधत असाल तर हेच घ्या, परवानगी काढायची, लॅम्प आणि पोर्टेबल एक्सआरएफ (खडकात कुठली मूलद्रव्यं आहेत ते एक्स-रेनं सांगणारं हातातलं यंत्र) घेऊन बसायचं. फक्त लिथियम त्या एक्सआरएफनं शोधायला जाऊ नका, इतकं हलकं मूलद्रव्य त्याला दिसतच नाही, त्याचं सॅम्पल लॅबलाच पाठवा.