पुढचे पुस्तक

परवा दुपारी एका चित्रकथाकाराची मुलाखत वाचत होतो. बालपण, आवडते चित्रकार, शाई कोणती आणि निब कोणती अशी नेहमीची वळणे घेत ती शेवटच्या प्रश्नापाशी आली, आणि तो प्रश्न ‘सध्या नवीन काय चालू आहे?’ हाच होता. त्याने तीन पुस्तके सांगितली: एक जवळजवळ संपत आलेले, एक निम्म्यावर रखडलेले, आणि एक ज्याच्याविषयी इतक्यात काही बोलता येणार नाही असे. मी अर्थातच तिसऱ्याच्या प्रेमात पडलो.

ही माझी जुनी खोड आहे. लहानपणी कॉमिक्स हाती आले की मी ते मागून उघडत असे, कारण शेवटच्या पानावर पुढच्या अंकाची जाहिरात असे. तेथे एकच मोठे चित्र असायचे: नायक कड्यावरून कोसळतो आहे, वर कोणाची तरी लांबलचक सावली पडली आहे, आणि खाली ठळक अक्षरांत ‘लवकरच येत आहे’. ‘लवकरच’ म्हणजे नेमके केव्हा, हे कोणी छापत नसे आणि ते छापू नये असेच मला वाटे, कारण मधला सगळा काळ माझा असे. त्या एका चित्रावरून मी पूर्ण गोष्ट रचीत असे आणि वहीच्या मागच्या पानांवर पट्टीने चौकटी आखून ती काढायला घेत असे. चौकटी आखून होईपर्यंत उत्साह टिके. मग माणसांचे हात काढण्याची वेळ येई. मला बोटे जमत नसत, त्यामुळे माझे नायक हात पाठीमागे बांधून उभे राहत, आणि खलनायकही तसेच, आणि दोघे त्याच अवस्थेत एकमेकांना भयंकर धमक्या देत. पुढे खरा अंक आला की मला राग येई. कड्यावरचा प्रसंग तिसऱ्या पानावरच आटोपलेला असे, सावली कोणाची हे कोणी सांगत नसे, आणि एकंदरीत माझी गोष्ट त्यांच्यापेक्षा बरी होती, हे मत मी आजही बदललेले नाही.

चित्रकाराच्या बाजूने पाहिले तर हे प्रेम जरा क्रूर आहे. आधी संहिता, मग बोटभर आकाराची कच्ची रेखाटने, मग पेन्सिल, मग शाई, मग फुग्यांतली अक्षरे आणि रंग, असा तो प्रवास असतो. दिवसाला एक पान उरकणारा चित्रकार चपळ समजला जातो, आणि वाचक ते पान अर्ध्या मिनिटात उलटतो. कच्च्या रेषा फिकट निळ्या पेन्सिलीने काढण्याची रीत पडली, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे आणि खोडण्याचे कष्ट वाचत. आता काचेच्या पडद्यावर काढणाऱ्यांना खोडण्याची अडचणच उरलेली नाही, तरी त्यांच्यातले कितीतरी जण सुरुवात निळ्यानेच करतात. मला हे फार आवडते.

तर दोनशे पानांच्या पुस्तकात चित्रकार सत्तराव्या पानावर पोहोचलेला असतो. तिसऱ्या पानावर, आरंभीच्या उत्साहात, त्याने नायिकेच्या अंगात चौकड्यांचा कोट घातलेला असतो. तो कोट आता प्रत्येक चौकटीत, बसताना, धावताना, पाठमोरा, पावसात भिजलेला असा काढावा लागतो, आणि त्यातली एकही रेष नायिकेला कोट काढायला लावल्याशिवाय टाळता येत नाही. नेमके तेव्हाच नवे पुस्तक सुचते. त्या पुस्तकात गर्दीचे रस्ते नसतात, सायकली नसतात, घोडे तर नसतातच, आणि कोणीही चौकड्यांचा कोट घालीत नाही. ‘पुढचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देताना चित्रकारांच्या आवाजात जी ऊब येते, ती मला वाटते या सुटकेची असते. वाचकांना आश्वासन देण्याच्या निमित्ताने ते स्वतःलाच सत्तराव्या पानावरून एकाहत्तराव्यावर ढकलत असतात.

काहींना मात्र घोषणा अक्षरशः पाळण्याचे वेड असते. कॅनडाच्या डेव्ह सिम यांनी ‘सेरेबस’ ही एका तिरसट रानटी प्राण्याची मालिका डिसेंबर १९७७ मध्ये सुरू केली आणि पहिल्या काही वर्षांतच जाहीर करून टाकले की ती ३०० अंक चालेल. मार्च २००४ मध्ये तीनशेवा अंक निघाला. पाने सुमारे ६,००० झाली. मधल्या काळात सिम यांच्या मतांनी अनेक वाचकांना दूर लोटले, पण अंकांचा आकडा ढळला नाही. अशा माणसाचा मला धाकच वाटतो.

अमेरिकेच्या चार्ल्स शुल्झ यांची तऱ्हा वेगळी. २ ऑक्टोबर १९५० पासून त्यांनी वर्तमानपत्रांत रोज येणाऱ्या ‘पीनट्स’ या मालिकेच्या १७,८९७ चित्रपट्ट्या काढल्या, मदतनीस न ठेवता, अक्षरेसुद्धा स्वतःच्या हाताने. रोज एक पट्टी देणाऱ्याला पुढचा प्रकल्प कोठून असणार? त्याचा पुढचा प्रकल्प म्हणजे पुढची पट्टी. निरोपाची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापली गेली आणि त्याच्या आदल्या रात्री शुल्झ गेले. काही बाकी न ठेवता गेलेला चित्रकार मला दुसरा आठवत नाही.

टिनटिन या तरुण बातमीदाराच्या साहसकथा रचणारे बेल्जियमचे एर्जे १९८३ मध्ये गेले तेव्हा त्याचे चोविसावे पुस्तक पेन्सिलच्या रेखाटनांतच होते. गोष्ट थांबते तेथे टिनटिनला बंदुकीच्या धाकाने नेले जात असते, कारण त्याच्यावर द्रवरूप प्लास्टिक ओतून त्याचा पुतळा करण्याचा खलनायकाचा बेत असतो. आपल्यानंतर टिनटिन कोणी काढू नये अशी एर्जेंची इच्छा होती, म्हणून ती खरडलेली पाने आहेत तशीच १९८६ मध्ये छापली गेली, आणि तो मुलगा आजही तेथेच आहे. याच्या उलट जपानच्या केंतारो मिउरा यांचे झाले. मे २०२१ मध्ये, ५४व्या वर्षी, ते ‘बर्सर्क’ ही आपली चित्रकथामालिका अर्धी टाकून गेले. पण शाळेपासूनचे मित्र आणि स्वतःही चित्रकथाकार असलेले कोउजी मोरी यांना त्यांनी जवळजवळ तीस वर्षांपूर्वी ती शेवटपर्यंत सांगून ठेवली होती. जून २०२२ मध्ये मिउरांच्या शिष्यांनी मोरींच्या देखरेखीखाली ती पुढे सुरू केली, आणि मिउरा मला जे बोलला तेवढेच लिहीन, पदरचे काही घालणार नाही, असे मोरींनी आरंभीच सांगून टाकले.

एर्जेंचा हट्ट बरोबर की मोरींची निष्ठा, हे मला ठरवता येत नाही. एकाचे अपुरे पुस्तक मी पुन्हा पुन्हा उघडतो, आणि दुसऱ्याचे नवे भाग विकत आणून न वाचता ठेवून देतो.