लॉगबुकातली एक ओळ

चिपळूणजवळच्या एका रसायन कारखान्यात मी काही वर्षे पाळीत काम केले. तेथील वायुगळतीचा भोंगा उगाच वाजतो म्हणून तो रात्रपाळीत बायपास करून, म्हणजे वाजणारच नाही असा करून, ठेवण्याची पद्धत पडली होती, आणि लॉगबुकात मात्र दर तासाला ‘ठीक’ असे लिहिले जाई. पाळीप्रमुखांना मी दोनदा तोंडी सांगितले. दोन्ही वेळा ‘बघू’ इतकेच उत्तर मिळाले. सूचनापेटी होती, पण तिची किल्ली मॅनेजरांच्याच टेबलात असे.

आमच्याकडे नोकरी बहुधा वाडीतल्याच कोणाच्या तरी शब्दावर लागते, त्यामुळे तक्रार कारखान्याविरुद्ध असली तरी बोल लागतो तो शब्द टाकणाऱ्याला. शिवाय चार जणांच्या पाळीत नाव गुप्त राहणार तरी कसे? महामार्गांच्या सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातील गैरव्यवहार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनीही नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही, आणि २००३ च्या नोव्हेंबरात गयेत त्यांची हत्या झाली. जागल्यांच्या, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, पण तो अजून अंमलात आलेला नाही. आला असता तरी तो सरकारी कारभारापुरता, आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग नव्हता.

मला उपयोगी पडले ते २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमातील कलम ४१-एच. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने ते आले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला तातडीचा धोका आहे असे कामगाराला वाटले, तर तो व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी कारखाने निरीक्षकालाही कळवू शकतो, असे त्यात म्हटले होते. फाटकावर सुरक्षेच्या घोषणा रंगवल्या होत्या. हे कलम कोणी सांगितले नव्हते.

त्या रात्री मी ‘ठीक’ न लिहिता ‘भोंगा बायपास आहे, पाळीप्रमुखांना सांगितले’ असे वेळेसह लिहून सही केली आणि सकाळी तोच मजकूर मॅनेजरांना देऊन त्याची प्रत निरीक्षकांना पाठवली. चौथ्या दिवशी वायुगळतीचा नवा सूचक बसला. माझी बदली गोदामात झाली.

मला नोकरीला लावणारे अण्णा त्याच संध्याकाळी घरी आले. “तुझ्यापायी माझी मान खाली गेली,” एवढेच बोलून ते चहा न घेता उठले. शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा पुढचा दांडा त्यांच्याच खांद्यावर होता. आईने देवीची ओटी भरली, मी पाया पडलो. अण्णा समोरच्या माडाकडे बघत राहिले.