कासचं पठार, भाड्याची मॅक्रो लेन्स आणि वारा

पहिला अर्धा तास मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणाऱ्या, लेन्सला शिव्या घालण्यात गेला. सीतेची आसवं नावाचं रानफूल समोर, वीतभर अंतरावर, आणि लेन्स नुसती घुर्र घुर्र करत पुढे-मागे होतेय. दुकानदाराने बिघडलेला माल गळ्यात मारला, असं ठरवून मी मोकळाही झालो होतो. मग बाजूची बारकी कळ दिसली. फोकस लिमिटर 'अर्धा मीटर ते अनंत'वर होता, म्हणजे जवळचं बघूच नकोस असं लेन्सला आधीच बजावलेलं. कळ सरकवली आणि जांभळं फूल लख्ख दिसलं. भाड्याची लेन्स घेणाऱ्यांनी या कळा दुकानातच समजून घ्या. लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशी नाही ना, तेही तिथेच बघा.

लेन्स 100 मि.मी., एफ 2.8. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, मुद्दाम मंगळवार. शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त. आम्ही दोघं पुण्याहून पहाटे चारला निघालो, साताऱ्यात चहा घेतला आणि यवतेश्वरच्या घाटाने वर. साताऱ्यापासून पठार साधारण 25 किलोमीटर. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन करून जा आणि वेळा तेव्हाच पाहून ठेवा.

मॅक्रोसाठी कासच का? इथलं वैभव बुटकं आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात नायट्रोजनची बोंब. म्हणून काही वनस्पतींनी किडे खायचा मार्ग धरलाय. सीतेची आसवं त्यातलीच, पण तिचे सापळे मातीत दडलेले, फोटोत काही येत नाहीत. दवबिंदू ही दुसरी किडेखाऊ वनस्पती मात्र सगळं उघड्यावर करते.

पायवाटेच्या कडेलाच एक सापडली. उभ्याने पाहिलं तर लालसर गवताची काडी. लेन्समधून पाहिलं तर पानभर लाल केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, आणि मध्ये एक चिलट अडकलेलं. त्याचा एक पाय अजून हलत होता. फ्लॅश मारला तर प्रत्येक थेंबात टाचणीएवढा पांढरा डाग. फ्लॅशपुढे बटर पेपर धरला, तसा डाग पसरून मऊ झाला. दहा रुपयांच्या कागदाने जे केलं ते भाड्याच्या लेन्सने केलं नसतं, हे आपलं माझं मत.

खरा वैरी वारा. सेन्सरवर फुलाच्या मूळ आकाराएवढं, म्हणजे एकास एक चित्र घेताना लेन्सचं छिद्र एफ 11 इतकं बारीक ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. वर उजेडही दोनेक स्टॉपने घटतो, म्हणजे जेमतेम पाव उरतो. त्यात झुळूक आली की फूल चौकटीबाहेरच. ऑटोफोकसचा नाद सोडला, रिंग एका जागी ठेवली, आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवून अख्खं अंगच तसूभर पुढे-मागे डोलवत राहिलो. फूल स्पष्ट दिसलं की चारपाच फोटो एका दमात. हाताची थरथर सावरणाऱ्या लेन्समधल्या स्टॅबिलायझरवर इतक्या जवळून भिस्त ठेवू नका. नऊनंतर वारा वाढला तसे एकास एकचे प्रयत्न सोडले. गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांना आणि कवल्याच्या पिवळ्या फुलांना निम्म्या आकाराचं चित्र भरपूर झालं.

बसायला प्लॅस्टिकची शीट न्या, पण ती पायवाटेवरच अंथरा. चांगल्या कोनासाठी दोन पावलं आत जायचा मोह मलाही झाला. खाली पाहिलं तर बुटाजवळच अर्ध्या बोटाएवढी गेंदाची रोपं. पाय मागे घेतला. तुमच्या फुलापुढचं दुसरं फूल चिरडून काढलेला फोटो कसला मिरवायचा? वाटेच्या कडेला हाताच्या अंतरात जे आहे तेवढंच आपलं, आणि ते एका सकाळी संपत नाही. अडीच तासांत मी फार तर चाळीस पावलं चाललो असेन.

अकराच्या सुमारास धुकं आलं, पाठोपाठ पाऊस. कॅमेरा पिशवीत कोंबण्याआधी समोरच्या काचेवरचं पाणी टिपून घ्या. मी घाईत विसरलो आणि उरलेला दिवस काच धुरकट.

घरी 312 फोटो उतरवले, ठेवण्याजोगे नऊ. आईने चष्मा लावून सगळे पाहिले, चिलटापाशी "अगं बाई" म्हणाली आणि मग विचारलं, "पण पठार कुठंय रे?" पठाराचा एकही फोटो नव्हता. मित्राला फोन करून त्याच्या मोबाईलमधला मागवला. त्यात फुलांचा गालिचा आहे, आणि कडेला पालथा पडलेला मी.